चेक संगीताचा पिता आणि त्याची मोडकी चेक भाषा

१८६० साली स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात राहणाऱ्या एका छत्तीस वर्षांच्या संगीतकाराने मायदेशातील स्नेह्याला पत्र लिहिले. पत्र चेक भाषेत होते आणि लिहिणाऱ्याने त्यात आधीच क्षमा मागून ठेवली होती. व्याकरणाच्या व शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्याव्यात, कारण लहानपणापासून आपले सारे शिक्षण जर्मनमध्ये झाले आहे, असा त्याचा आशय होता.

त्या संगीतकाराचे नाव बेद्रिख स्मेताना. जग ज्याला ‘चेक संगीताचा पिता’ म्हणते, तो छत्तिसाव्या वर्षी स्वतःच्या राष्ट्राच्या भाषेत निर्धास्तपणे पत्रही लिहू शकत नव्हता.

बहुतेक चरित्रलेखक ही गोष्ट एका वाक्यात, काहीशा संकोचाने उरकतात. वस्तुतः हीच गोष्ट स्मेतानाच्या आयुष्याची किल्ली आहे. चेकपण त्याला वारशाने मिळाले नव्हते. त्याने ते प्रौढ वयात, चुकत-माकत, कष्टाने कमावले. आणि ज्यांना ते आपल्याकडे जन्मसिद्ध आहे असे वाटत होते, त्यांनी आयुष्यभर त्याच्याकडे त्याचा हिशेब मागितला. हा थ्रेड त्या हिशेबाचा आहे.

प्रथम पार्श्वभूमी. १६२० मध्ये प्रागजवळील ‘श्वेत पर्वता’च्या लढाईत बोहेमियाच्या सरदारांचा हाब्सबुर्ग सम्राटाच्या सैन्याने पराभव केला. पुढील दोन शतकांत राज्यकारभार, न्यायालये, उच्च शिक्षण आणि शहरी प्रतिष्ठा जर्मन भाषेकडे सरकत गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस सम्राट दुसऱ्या योझेफच्या सुधारणांनी या प्रक्रियेवर शिक्कामोर्तब केले. चेक भाषा मेली नाही. ती शेतात, बाजारात आणि स्वयंपाकघरात राहिली. मात्र कचेरीच्या पायरीवर तिला जोडे काढून उभे राहावे लागे.

स्मेतानाचा जन्म २ मार्च १८२४ रोजी पूर्व बोहेमियातील लितोमिश्ल या गावी झाला. वडील बिअर गाळण्याच्या धंद्यात, बऱ्यापैकी सधन. त्यांना चेक येत असे, पण धंद्याची आणि समाजातील उठबशीची भाषा जर्मन, म्हणून घरातही तीच. मुलाला सारे ‘फ्रीड्रिख’ म्हणत. ‘बेद्रिख’ हे त्याच नावाचे चेक रूप, ते त्याने पुढे स्वतः निवडले. तरुणपणी त्याने दैनंदिनीत, आपण तंत्रात लिस्ट आणि रचनेत मोझार्ट होऊ अशी महत्त्वाकांक्षा नोंदवली, तीही जर्मनमध्येच.

यात स्मेताना एकटा होता असे समजणे मात्र चूक. चेक राष्ट्रीय पुनरुत्थानाचा इतिहास तपासला तर पदोपदी हाच प्रकार दिसतो. चेक भाषेचे पायाभूत व्याकरण योझेफ दोब्रोव्स्की यांनी १८०९ मध्ये प्रसिद्ध केले, ते जर्मन भाषेत. ‘राष्ट्रपिता’ मानल्या गेलेल्या फ्रान्तिशेक पालात्स्की यांनी बोहेमियाचा महान इतिहास लिहायला घेतला. त्याचा पहिला खंड १८३६ मध्ये आला, तोही जर्मनमध्ये, चेक आवृत्तीचा आरंभ १८४८ मध्ये झाला. चेक तरुणांना शरीरसंवर्धनातून राष्ट्रभक्ती शिकवणाऱ्या ‘सोकोल’ चळवळीचा संस्थापक मिरोस्लाव्ह तिर्श हा जर्मनभाषक घरात जन्मलेला. त्याचे मूळ नाव फ्रीड्रिख टिर्श. राष्ट्र घडवणाऱ्यांची ही यादी पाहिली की ‘शुद्ध’ हा शब्द इतिहासात किती जपून वापरावा लागतो, ते कळते.

१८४८ साली युरोपभर क्रांतीचा वणवा पेटला. प्रागमध्ये जून महिन्यात रस्त्यांवर अडथळे उभे राहिले, तेव्हा चोवीस वर्षांचा स्मेताना नागरिक दलात सामील झाला आणि त्या दलासाठी संचलनगीतेही त्याने रचली. बंड चिरडले गेले. त्याच वर्षी त्याने फ्रान्झ लिस्टला आपल्या पियानो-रचना अर्पण करून संगीतशाळा काढण्यासाठी चारशे गुल्डनचे कर्ज मागितले. लिस्टने पैसे दिले नाहीत, पण रचनांची प्रशंसा केली आणि प्रकाशक मिळवून दिला. शाळा निघाली, संसार थाटला गेला.

त्यानंतरचा काळ मृत्यूंचा. १८५४ ते १८५६ या दोन वर्षांत चारपैकी तीन मुली गेल्या. त्यांतील थोरली बेद्रिश्का चार वर्षांची होती आणि त्या वयात तिची संगीताची समज विलक्षण होती. तिच्या मृत्यूनंतर १८५५ मध्ये लिहिलेला जी मायनरमधील पियानो ट्रिओ ही स्मेतानाची पहिली खऱ्या अर्थाने थोर कृती. प्रागच्या समीक्षकांनी तिचे थंडे स्वागत केले. दुसऱ्याच वर्षी तो पोटासाठी स्वीडनला गेला. १८५९ मध्ये पत्नी कातेर्झिना परतीच्या वाटेवर ड्रेस्डेन येथे क्षयाने वारली.

गोथेनबर्गमधील पाच वर्षांत त्याने लिहिलेली तीन स्वरकाव्ये पाहावीत. एक शेक्सपियरच्या तिसऱ्या रिचर्डवर, एक शिलरच्या वालेनश्टाइनवर, एक डॅनिश नाटककार उलेनश्लेगरच्या नॉर्वेजियन राजावर. चेक विषय एकही नाही. हा माणूस त्या वेळी स्वतःला लिस्टच्या नव्या युरोपीय संगीताचा शिपाई समजत होता, आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नव्हते.

मग राजकारणाने कूस बदलली. १८५९ मध्ये इटलीत मार खाल्लेल्या सम्राट फ्रान्झ योझेफने ऑक्टोबर १८६० मध्ये एक राजपत्र काढून निरंकुश सत्तेला थोडी मुरड घातली. प्रागमध्ये चेक वृत्तपत्रे निघाली, गायनमंडळे निघाली, आणि १८ नोव्हेंबर १८६२ रोजी चेक नाटक व ऑपेरा यांच्यासाठी ‘तात्पुरते नाट्यगृह’ उघडले. नावच तात्पुरते, भव्य राष्ट्रीय नाट्यगृह लोकवर्गणीतून पुढे उभारायचे होते. स्मेताना १८६१ मध्येच परतला होता. तो चेक भाषा शिकू लागला, दैनंदिनी चेकमध्ये लिहू लागला. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या मोठ्या कलावंताने शाळकरी पोरासारखे व्याकरण गिरवणे, हा त्याच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत धाडसी निर्णय. १८४८ च्या अडथळ्यांवर उभे राहण्यापेक्षाही धाडसी.

यानंतर खरा वाद सुरू झाला: चेक ऑपेरा म्हणजे काय?

‘जुने चेक’ पक्षाचे नेते आणि पालात्स्कींचे जावई फ्रान्तिशेक रीगर यांचे मत असे की, चेक ऑपेरा लोकगीतांवर उभा राहिला पाहिजे. स्मेतानाचे उत्तर रोखठोक होते. लोकगीतांच्या चाली एकापुढे एक रचल्या तर गाण्यांची गोधडी होईल, नाट्य होणार नाही. राष्ट्रीय शैली नक्कल करून येत नाही.

रीगर यांना खलनायक ठरवून मोकळे होण्याचा मोह इथे टाळावा. त्यांची भीती निराधार नव्हती. शेजारी जर्मन संस्कृतीचा महासागर आणि मध्ये नुकतेच डोके वर काढलेले छोटे बेट. अशा वेळी जे निःसंशय आपले आहे त्याला घट्ट धरावे, असे वाटणे स्वाभाविक होते. चूक भीतीत नव्हती, मापात होती. त्या मापाने शेतकऱ्याचे गाणे चेक ठरत होते, पण चेक माणसाची नवी कल्पना चेक ठरत नव्हती.

१८६६ मध्ये स्मेतानाचे दोन ऑपेरा रंगमंचावर आले. ५ जानेवारीला ‘बोहेमियातील ब्रांडेनबुर्गवाले’, ३० मे रोजी ‘विकलेली वधू’. पहिला गाजला, दुसरा पहिल्या प्रयोगाला पडला. प्रशियाशी युद्ध तोंडावर आलेले, उकाडा कडक, नाट्यगृहात गर्दी कमी. स्मेतानाने तो पुन्हा पुन्हा घडवला, संवादांच्या जागी गायन आणले, पोल्का आणि फुरियांट ही नृत्ये घातली. २५ सप्टेंबर १८७० रोजी अंतिम तीन अंकी रूप सादर झाले आणि तेव्हापासून हा ऑपेरा चेक खेड्याची प्रतिमा बनून बसला आहे. गंमत अशी की, त्यात अस्सल लोकगीत जवळजवळ शोधावेच लागते. जे ‘लोकांचे’ म्हणून लोकांनी डोक्यावर घेतले, ते बहुतांशी एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेले होते.

या ऑपेराची संहिता लिहिणारा कारेल साबिना हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. १८४८ चा जहाल क्रांतिकारक, त्यापायी अनेक वर्षे तुरुंगात. आणि सुटल्यानंतर ऑस्ट्रियन पोलिसांचा पगारी खबऱ्या. १८७२ मध्ये त्याचे बिंग फुटले आणि चेक समाजाने त्याला वाळीत टाकले. राष्ट्राच्या सर्वांत लाडक्या ऑपेराचे शब्द राष्ट्राशी दगा करणाऱ्याने लिहिलेले आहेत. प्रेक्षकांनी मात्र गाणी टाकली नाहीत. कधी कधी प्रेक्षक समीक्षकांपेक्षा शहाणे असतात.

स्मेताना १८६६ पासून तात्पुरत्या नाट्यगृहाचा मुख्य संचालक होता. त्याच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवणारा एक लाजरा तरुण होता, आन्तोनिन द्वोर्झाक. हे नाव पुढे लागणार आहे.

१६ मे १८६८ रोजी राष्ट्रीय नाट्यगृहाची कोनशिला बसली आणि त्याच संध्याकाळी ‘दालिबोर’चा पहिला प्रयोग झाला. विषय शुद्ध देशी: प्रागच्या किल्ल्यात कैद झालेला सरदार. तरीही आरोप आला की हे संगीत वाग्नरचे, म्हणजे जर्मन. १८७० पासून गायनशिक्षक फ्रान्तिशेक पिवोदा याने वृत्तपत्रांतून ही मोहीमच उघडली. स्मेताना वाग्नरवादी आहे, तो चेक गायकांची उपेक्षा करतो, तो संचालकपदास अयोग्य आहे. १८७२ मध्ये नाट्यगृहाच्या काही वर्गणीदारांनी त्याला काढण्याची मागणी केली. द्वोर्झाकसह अनेक संगीतकार त्याच्या बाजूने उभे राहिले आणि तो टिकला.

आरोपात तथ्य किती? स्मेतानाने वाग्नर आणि लिस्ट यांच्याकडून पुष्कळ घेतले, यात वाद नाही. ‘दालिबोर’ आणि ‘लिबुशे’ या त्याच्या दोन सर्वाधिक ‘राष्ट्रीय’ ऑपेरांच्या संहिता तर योझेफ वेन्त्सिग यांनी मुळात जर्मनमध्ये लिहिल्या होत्या. एर्विन श्पिंडलर यांनी त्यांचे चेक भाषांतर केले. प्रागच्या स्थापनेची भविष्यवाणी करणारी राजकन्या लिबुशे हिने आपली वाक्ये प्रथम जर्मनमध्ये उच्चारली होती, असे म्हणायला हरकत नाही. पिवोदाच्या दृष्टीने हा पुरावा ठरला असता. प्रत्यक्षात यातून उलटच सिद्ध होते: चेक ऑपेरा जन्माला घालण्यासाठी उपलब्ध असलेली प्रत्येक गोष्ट वापरावी लागली, आणि उपलब्ध गोष्टींत जर्मन पुष्कळच होते.

१८७४ च्या उन्हाळ्यात कानांत विचित्र आवाज येऊ लागले. ऑक्टोबरमध्ये ऐकू येणे पूर्ण थांबले. वय पन्नास. संचालकपद गेले. वार्षिक बाराशे गुल्डनच्या मोबदल्यात त्याने आपल्या ऑपेरांच्या प्रयोगांचे हक्क नाट्यगृहाला दिले. ती रक्कमही वेळेवर येत नसे. १८७६ मध्ये तो याब्केनित्से या खेड्यात मुलगी झोफी हिच्या घरी, जंगलाच्या कडेला, राहायला गेला.

ज्या वर्षी जग निःशब्द झाले, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘मा व्लास्त’, म्हणजे ‘माझी मायभूमी’ या सहा स्वरकाव्यांच्या मालिकेतील पहिले, ‘विशेह्राद’, पूर्ण झाले. लगोलग ‘व्ल्तावा’ हाती घेतले गेले आणि २० नोव्हेंबर ते ८ डिसेंबर या अवघ्या एकोणीस दिवसांत ती नदी उगमापासून प्रागपर्यंत वाहून गेली. बासरीवरचे दोन झरे, शिकाऱ्यांची शिंगे, काठावरचे लग्न, चांदण्यातल्या जलपऱ्या, खळाळ, आणि अखेरीस विशेह्रादचा खडक. यातला एकही स्वर लिहिणाऱ्याच्या कानावर पडला नाही.

आता त्या प्रसिद्ध मुख्य चालीकडे पाहावे. तिचे सतराव्या शतकातील ‘ला मान्तोव्हाना’ या इटालियन चालीशी आणि एका स्वीडिश लोकगीताशी असलेले साम्य अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे. त्याच कुळातली चाल आज इस्रायलच्या राष्ट्रगीतात गायली जाते. चेक मुलांच्या एका बालगीतातही तिची सावली आहे. स्मेतानाला ती कुठे भेटली, यावर वाद घालणे व्यर्थ आहे. नदीच्या पाण्याला कोणत्या ओढ्याचे ते विचारत नाहीत.

सहाही स्वरकाव्ये १८७९ पर्यंत पूर्ण झाली आणि ५ नोव्हेंबर १८८२ रोजी प्रागच्या झोफीन सभागृहात आदोल्फ चेख याच्या संचालनाखाली सलग सादर झाली. टाळ्यांचा कडकडाट स्मेतानाला फक्त दिसला. दरम्यान, १८७६ च्या ‘माझ्या आयुष्यातून’ या स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये त्याने आपली व्यथा थेट लिहून ठेवली होती. शेवटच्या भागात आनंदी नृत्य ऐन रंगात असताना एकाएकी पहिल्या व्हायोलिनवर एक उंच, सुईसारखा ‘ई’ स्वर येतो. बहिरेपणाच्या आधी त्याच्या कानात वाजणाऱ्या आवाजाचे ते चित्र आहे. या कृतीला चेक की जर्मन, असे विचारण्याची कोणाची छाती झाली नसावी.

११ जून १८८१. राष्ट्रीय नाट्यगृह ‘लिबुशे’च्या प्रयोगाने उघडले. सांगतात की, या सोहळ्यासाठी संगीतकाराला आधी साधे तिकीटही पाठवले गेले नव्हते. आयत्या वेळी त्याला संचालकाच्या कक्षात बसवण्यात आले. दोन महिन्यांतच ती वास्तू आगीत जळाली, लोकांनी पुन्हा वर्गणी काढली, आणि १८ नोव्हेंबर १८८३ रोजी दुसरे उद्घाटनही ‘लिबुशे’नेच झाले. सहा महिन्यांनी, १२ मे १८८४ रोजी, प्रागच्या वेड्यांच्या इस्पितळात स्मेतानाचा अंत झाला. सारे शहर अंत्ययात्रेला लोटले. विशेह्रादवर त्याला पुरण्यात आले.

नेहमीचे लेख इथे थांबतात. कथेचा अधिक कडू भाग मात्र पुढे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी झ्देनेक नेयेद्ली हा संगीत-इतिहासकार पुढे आला. हाही लितोमिश्लचाच. स्मेतानावर त्याची आत्यंतिक भक्ती होती आणि भक्तीला शत्रू लागतो. तो शत्रू त्याला द्वोर्झाकमध्ये सापडला. स्मेताना प्रगतीचा, द्वोर्झाक प्रतिगामी. स्मेताना खरा चेक मार्ग, द्वोर्झाक आडवाट, अशी ही मांडणी होती. १९११ पासून प्रथम महायुद्धापर्यंत प्रागमध्ये ‘द्वोर्झाकवरील लढाया’ पेटल्या, संगीतकारांना सार्वजनिक निषेधपत्र काढावे लागले. ज्या व्हायोलावादकाने १८७२ मध्ये स्मेतानाची बाजू घेतली होती, त्यालाच स्मेतानाच्या नावाने झोडपले जात होते. पिवोदाची काठी तीच होती, फक्त तिच्या मुठीवर आता स्मेतानाचे नाव कोरलेले होते.

हा वाद केवळ संगीतशाळांचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण नेयेद्ली पुढे सत्तेत गेला. १९४५ मध्ये तो चेकोस्लोव्हाकियाचा शिक्षणमंत्री झाला आणि १९४८ च्या कम्युनिस्ट सत्ताग्रहणानंतर पुन्हा त्याच खात्यावर आला. नाझी राजवटीच्या भीषण अत्याचारांनंतर त्या देशातून सुमारे तीस लाख जर्मनभाषकांची हकालपट्टी झाली. अपराध्यांबरोबर निरपराधही गेले. लितोमिश्लच्या त्या घरासारखी, धंद्याला जर्मन आणि माजघरात थोडी चेक असलेली दुभाषी घरे बोहेमियाच्या भूमीवरून जवळपास नाहीशी झाली. ‘चेक संगीताचा पिता’ ज्या मातीत उगवला, ती मातीच राहिली नाही.

या साऱ्याला स्मेताना जबाबदार नाही, आणि त्याच्या संगीताने स्वतःला वाचवलेही आहे. १९५२ पासून दर वर्षी १२ मे रोजी, त्याच्या पुण्यतिथीला, ‘प्राग वसंत’ महोत्सव ‘मा व्लास्त’ने उघडतो. १९४८ मध्ये देश सोडून गेलेला संचालक राफाएल कुबेलिक १९९० साली, हुकूमशाही कोसळल्यावर, हीच कृती सादर करायला परत आला. बेचाळीस वर्षे परदेशात काढलेला माणूस आणि परदेशात स्वतःची भाषा शिकू लागलेल्या माणसाचे संगीत, अशी ती संध्याकाळ होती.

राहता राहिले नेयेद्लीचे स्मेतानाचरित्र. १९२४ ते १९३३ या काळात त्याने त्याचे जाडजूड खंड प्रसिद्ध केले. एवढ्या पानांनंतर कथा १८४३ पर्यंत येऊन थांबली. नायक अवघा एकोणीस वर्षांचा, प्ल्झेनची शाळा संपवून प्रागला निघालेला. पुढचे खंड कधी लिहिलेच गेले नाहीत. गोथेनबर्गहून आलेल्या, चुकांबद्दल क्षमा मागणाऱ्या त्या पत्रापर्यंत चरित्रकार पोहोचलाच नाही.